इमारतीवरचा ज्वालाग्राही पत्रा काढण्याचा खर्च कोणाचा?

माल विकताना त्यात खोट निघाली तर नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न व्यापाराइतकाच जुना आहे. कापडाच्या ताग्यात भोक निघाले, लाकडात वाळवी निघाली, पितळ म्हणून दिलेल्या नळात जस्त निघाले, तर गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येते. दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे जातो, घाऊक व्यापारी कारखानदाराकडे. रिवाज सरळ आहे. ज्याच्या हातून खोट शिरली, त्याने ती भरून द्यावी.

पण समजा, ती खोट एखाद्या वीस मजली इमारतीच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकून बसवली आहे. ती लक्षात येईपर्यंत दहा वर्षे गेली आहेत. बांधणारी कंपनी इमारत विकून मोकळी झाली आहे, पत्रा बसवणाऱ्या ठेकेदाराचे दिवाळे निघाले आहे, आणि आत राहणाऱ्या शंभर कुटुंबांची त्यात काडीचीही चूक नाही. अशा वेळी पैसे कोणी मोजायचे? इंग्लंडमध्ये २०१७ पासून हाच प्रश्न गाजतो आहे. आपल्या वाचकांत फॅब्रिकेशन करणारे, अ‍ॅल्युमिनियमचे काम करणारे, पत्रा, प्लायवूड व रंगाचे व्यापारी बरेच आहेत. शिवाय रत्नागिरी व रायगडच्या पुष्कळ घरांतील नातेवाईक इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत व त्यांतील काहींनी तेथे फ्लॅट घेतले आहेत. म्हणून हा विषय आम्ही जरा तपशिलाने मांडत आहोत.

प्रकरण कोठून सुरू झाले?

१४ जून २०१७ ची मध्यरात्र. लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन भागातील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात फ्रिजच्या ठिकाणी आग लागली. साधारणपणे अशी आग त्या एका घरापुरती राहते, कारण मधल्या भिंती व स्लॅब काँक्रीटचे असतात. येथे मात्र ज्वाळा खिडकीच्या कडेने बाहेर पडल्या आणि इमारतीच्या बाहेरच्या आच्छादनाला लागल्या. अर्ध्या तासाच्या आत आग माथ्यापर्यंत पोहोचली. ७२ माणसे मृत्युमुखी पडली. रमजानचे दिवस होते. सहरीसाठी जागे असलेल्या काही मुस्लिम रहिवाशांनी शेजाऱ्यांची दारे ठोठावून त्यांना उठवल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. मृतांमध्येही मुस्लिम कुटुंबे बरीच होती.

ही इमारत १९७४ ची. मूळ इमारतीला बाहेरचा पत्रा नव्हताच. २०१६ मध्ये पुऱ्या झालेल्या नूतनीकरणात थंडीपासून बचाव व्हावा व इमारत देखणी दिसावी म्हणून तिला आच्छादन चढवले गेले. त्यालाच तिकडे क्लॅडिंग म्हणतात. वापरलेला पत्रा आपल्या कारागिरांच्या ओळखीचा आहे. दुकानाच्या पाट्या, शोरूमचे दर्शनी भाग, दवाखाने व बँकांच्या भिंती ज्याने मढवलेल्या दिसतात, त्या एसीपी शीटचाच तो प्रकार. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये तीन मिलिमीटरचा गाभा. हा गाभा खनिज भुकटीचा असेल तर पत्रा सहज पेटत नाही. ग्रेनफेलवर तो निव्वळ पॉलिथिनचा होता. पॉलिथिन तेलापासून बनते. तापले की वितळते, गळते आणि मेणबत्तीसारखे जळते. पत्र्यामागे उष्णतारोधक फोमही जळणारा होता, आणि दोहोंच्या मध्ये हवेची पोकळी होती. त्या पोकळीने धुराड्याचे काम केले.

मूळ बेत जस्ताचा पत्रा लावण्याचा होता. त्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा हा पत्रा घेतल्याने सुमारे २ लाख ९३ हजार पौंडांची बचत होणार होती.

चौकशीत काय निघाले?

न्यायमूर्ती सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. पहिला अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये व दुसरा ४ सप्टेंबर २०२४ रोजी आला. दुसऱ्या अहवालाचा आशय असा की यातील प्रत्येक मृत्यू टाळता आला असता. सरकारने अनेक वर्षे धोक्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष केले. माल बनवणाऱ्या कंपन्यांनी चाचण्यांच्या बाबतीत बाजाराची पद्धतशीर दिशाभूल केली. पत्र्याच्या कारखानदाराने, डब्यासारखा वाकवून बसवल्यास आपला पत्रा आगीच्या चाचणीत फार वाईट ठरतो ही माहिती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेपासून लपवली. फोमच्या एका कंपनीने चाचणीच्या भिंतीत न जळणारे जादा बोर्ड बसवून निकाल मिळवला आणि त्या बोर्डांचा उल्लेख जाहिरातीत केला नाही.

आर्किटेक्ट, मुख्य ठेकेदार, पत्र्याचा पोटठेकेदार, अग्निसुरक्षा सल्लागार आणि पालिकेचे तपासनीस यांचेही वागणे अहवालात तपासले आहे. प्रत्येकाची समजूत एकच होती, ती म्हणजे पत्रा सुरक्षित आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी पाहिले असेल. व्यापारात वावरणाऱ्या माणसाला हा प्रकार नवा नाही. पाच जणांच्या भागीदारीत हिशोबाची वही कोणीच उघडत नाही, त्यातलीच ही गत.

आता तोटा कोणाचा?

आगीनंतर देशभर तपासणी सुरू झाली. तसाच पत्रा शेकडो उंच इमारतींवर सापडला. पुढे लाकडी आच्छादने, जळणारा फोम, पोकळीत आग अडवणाऱ्या पट्ट्यांचा अभाव असे इतर दोषही उघडे पडले. डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरील भिंतींत जळणारे साहित्य वापरण्यास बंदी आली. बंदीने नव्या इमारतींचा प्रश्न सुटला. जुन्यांवरचा पत्रा काढणार कोण आणि पैसे देणार कोण, हा प्रश्न शिल्लक राहिला.

येथे तिकडची मालकीची पद्धत समजून घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लॅट घेतला की सोसायटीचे सभासदत्व मिळते आणि जमीन व इमारत अखेर सोसायटीच्या नावे होते, निदान व्हावी अशी अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये फ्लॅट घेणारा बहुधा पट्टेदार असतो. त्याला ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. जमीन व इमारतीचा सांगाडा मूळ मालकाचा राहतो. बिल्डर बहुतेक वेळा ही मूळ मालकी एखाद्या गुंतवणूक कंपनीला विकून टाकतो. ही कंपनी जमीनभाडे घेते आणि इमारतीच्या देखभालीचा खर्च सर्व्हिस चार्ज म्हणून पट्टेदारांकडून वसूल करते. पट्ट्याच्या कागदात दुरुस्तीचा सर्व खर्च पट्टेदारांनी द्यावा, असे कलम बहुधा असतेच.

म्हणजे इमारत मालकाची, पत्रा बिल्डरने निवडलेला, तो पास केला सरकारी किंवा खासगी तपासनिसाने, आणि बिल मात्र आत राहणाऱ्याला. लंडनजवळ क्रॉयडन येथील सिटिस्केप या इमारतीचे प्रकरण २०१८ मध्ये न्यायाधिकरणापुढे गेले. जवळपास २० लाख पौंडांचा खर्च होता. न्यायाधिकरणाने पट्ट्यातील कलम वाचले आणि खर्च पट्टेदारांनीच द्यावा असा निर्णय दिला. मँचेस्टरच्या एका वसाहतीतही त्याच वर्षी तसाच निकाल झाला. दोन्ही ठिकाणी पुढे बांधणाऱ्या कंपन्यांनी आपण होऊन खर्च उचलला. आपल्यावर कायदेशीर जबाबदारी नाही, केवळ सदिच्छेने पैसे देत आहोत, असे सिटिस्केपच्या बिल्डरने सांगितले. ज्या इमारतींच्या बिल्डरांना अशी सदिच्छा झाली नाही, तेथील लोक मात्र तसेच अडकले.

घर आहे, किंमत नाही

या अडकण्याचे स्वरूप व्यापाऱ्याला लवकर समजेल. डिसेंबर २०१९ पासून बाहेरच्या भिंतीच्या सुरक्षिततेचा एक फॉर्म प्रचारात आला. तो नसेल तर बँका त्या फ्लॅटवर कर्ज देईनात. कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून घर विकता येत नाही. बँकेच्या वहीत अनेक फ्लॅटांची किंमत शून्य धरली गेली, पण त्यावरील कर्जाचा हप्ता दरमहा चालूच राहिला. गोदामात माल पडून आहे, विकत कोणी घेत नाही, आणि सावकाराचे व्याज वाढतेच आहे, अशी ही स्थिती.

त्यात आणखी खर्च पडले. पत्रा निघेपर्यंत आगीवर नजर ठेवण्यासाठी रात्रंदिवस पहारेकरी ठेवावे लागले. सरकारने २०२० मध्ये जमवलेल्या माहितीनुसार इंग्लंडमध्ये या पहाऱ्याचा खर्च दर घरामागे सरासरी महिना ३३१ पौंड येत होता. इमारतीचा विमाही अनेक पटींनी महागला. पहिले घर घेतलेली तरुण जोडपी, निवृत्त माणसे, परिचारिका, शिक्षक यांच्या हातात हजारो पौंडांची बिले पडली. काहींनी दिवाळखोरी पत्करली. बाळ झाले तरी एका खोलीतून हलता आले नाही, असेही पुष्कळ निघाले.

सरकारची तिजोरी

सरकारने पैसे दिले, पण हप्त्या-हप्त्याने आणि दबाव वाढेल तसे. मे २०१८ मध्ये पालिका व गृहसंस्थांच्या इमारतींवरील अ‍ॅल्युमिनियम पत्र्यासाठी ४० कोटी पौंड जाहीर झाले. मे २०१९ मध्ये खासगी इमारतींसाठी २० कोटी. मार्च २०२० मध्ये इतर प्रकारच्या आच्छादनांसाठी १०० कोटी. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी ३५० कोटी. सरकारी खजिन्यातून द्यायची एकूण रक्कम पुढे ५१० कोटी पौंडांवर मर्यादित केली गेली.

फेब्रुवारी २०२१ च्या घोषणेत एक मेख होती. १८ मीटरहून उंच इमारतींना अनुदान, पण ११ ते १८ मीटरच्या इमारतींतील लोकांना कर्ज, महिना ५० पौंडांपेक्षा जास्त नाही अशा हप्त्याचे. म्हणजे ज्याने खोटा माल घेतला त्यानेच तो बदलण्यासाठी कर्ज काढायचे. यावर मोठा गदारोळ झाला. १० जानेवारी २०२२ रोजी मंत्री मायकेल गोव्ह यांनी ही कर्जाची योजना रद्द केली आणि पैसा बांधकाम उद्योगाकडून घेण्याचे ठरवले. ११ ते १८ मीटरच्या इमारतींनाही मग अनुदानाची योजना लागू झाली.

उद्योगाकडून पैसा तीन वाटांनी घेतला गेला. पहिली वाट म्हणजे एप्रिल २०२२ पासून मोठ्या घरबांधणी कंपन्यांच्या वर्षाला २ कोटी ५० लाख पौंडांवरील नफ्यावर ४ टक्के जादा कर. दुसरी म्हणजे २०२३ मध्ये बिल्डरांशी केलेला लेखी करार. मागील ३० वर्षांत आपण बांधलेल्या ११ मीटरहून उंच इमारतींतील जिवाला धोका असणारे आगीचे दोष आपल्या खर्चाने दूर करू, अशी हमी पन्नासहून अधिक कंपन्यांनी दिली. सही न केल्यास बांधकामाचे परवाने मिळणे मुश्कील होईल, हे सरकारने आधीच बजावले होते. तिसरी वाट म्हणजे नव्या घरांच्या बांधकामावर सुरक्षा उपकर. तो ऑक्टोबर २०२६ पासून घेण्याचे ठरले असून दहा वर्षांत ३४० कोटी पौंड जमतील असा अंदाज आहे. अर्थात हा उपकर शेवटी नव्या घराच्या किमतीत किंवा जमिनीच्या भावात मिसळणार, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

२०२२ चा कायदा

खरा फरक पडला तो २८ एप्रिल २०२२ रोजी मंजूर झालेल्या इमारत सुरक्षा कायद्याने. पट्टेदारांना संरक्षण देणारी कलमे २८ जून २०२२ पासून लागू झाली. ती इंग्लंडपुरती आहेत. वेल्स व स्कॉटलंडमध्ये व्यवस्था वेगळी आहे. कायद्याने खर्चाची उतरंड ठरवून दिली आहे. वरच्या पायरीवर पैसा मिळाला नाही तरच खालच्या पायरीकडे यायचे.

१. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असली पाहिजे. त्याहून ठेंगण्या इमारतींना हे संरक्षण नाही. ज्या इमारतीची मूळ मालकी पट्टेदारांनीच मिळून विकत घेतली आहे, तिलाही हे नियम असेच्या असे लागू होत नाहीत.

२. मूळ मालक हाच बिल्डर असेल, किंवा बिल्डरशी संबंधित कंपनी असेल, तर पट्टेदाराने दोषदुरुस्तीसाठी एक पैसाही द्यायचा नाही.

३. मालक बिल्डर नसला, पण १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच्या कंपनी-समूहाची निव्वळ मालमत्ता दर इमारतीमागे २० लाख पौंडांहून जास्त होती, तर पात्र पट्टेदाराने काही द्यायचे नाही.

४. धोकादायक आच्छादन काढण्याचा खर्च पात्र पट्टेदाराकडून कोणत्याही परिस्थितीत घेता येत नाही.

५. आच्छादनाव्यतिरिक्त इतर दोषांसाठी पट्टेदाराला काही द्यावेच लागले, तर त्याला कमाल मर्यादा आहे. लंडनमध्ये १५ हजार पौंड, लंडनबाहेर १० हजार. १० लाखांहून महाग घरांना ५० हजार, २० लाखांहून महाग घरांना १ लाख. लंडनमध्ये ३ लाख २५ हजारांपेक्षा व बाहेर १ लाख ७५ हजारांपेक्षा कमी किमतीच्या घराला काहीच नाही. ही रक्कम दहा वर्षांत विभागून घ्यायची, आणि कायद्याआधीच्या पाच वर्षांत पहारेकऱ्यासाठी वगैरे दिलेले पैसे त्यातून वजा करायचे.

पात्र पट्टेदार म्हणजे कोण? १४ फेब्रुवारी २०२२ रोजी तो फ्लॅट ज्याचे मुख्य राहते घर होते, किंवा ज्याची त्या देशात एकंदर तीनपेक्षा जास्त घरे नव्हती, तो. ही पात्रता घराच्या पट्ट्याला चिकटलेली असते. पुढे घर विकले तरी ती नव्या मालकाकडे जाते.

एक उदाहरण घेऊ. लंडनमधील एका गृहस्थाचा फ्लॅट ४ लाख पौंडांचा आहे व तो त्यातच राहतो. त्याच्या वाट्याला पत्र्याचे ४० हजार आणि आतल्या पट्ट्या व दारांच्या दुरुस्तीचे ३० हजार, असे ७० हजारांचे बिल निघाले. पत्र्याचे ४० हजार सरळ रद्द. मालक श्रीमंत किंवा बिल्डरशी संबंधित असेल तर उरलेले ३० हजारही रद्द. तसा नसेल तर ३० ऐवजी जास्तीत जास्त १५ हजार. त्यातून पूर्वी पहाऱ्यासाठी भरलेले ५ हजार वजा केले की १० हजार राहिले. तेही एका वर्षात मर्यादेच्या दहाव्या भागापेक्षा, म्हणजे दीड हजारापेक्षा, जास्त मागता येत नाही. दुसऱ्या एका गृहस्थाची चार घरे आहेत व हा फ्लॅट त्याने भाड्याने दिला आहे. मालक बिल्डरशी संबंधित नसेल, अनुदानही मिळाले नसेल, तर या दुसऱ्यावर पुरे बिल येऊ शकते. इंग्लंडमध्ये ज्यांचे नातेवाईक भाड्यासाठी फ्लॅट घेऊन ठेवतात त्यांनी हा फरक जरूर ध्यानात घ्यावा. फ्लॅट घेण्यापूर्वी इमारतीची उंची, पट्ट्याची पात्रता सांगणारे प्रमाणपत्र आणि दुरुस्ती कोणत्या योजनेतून चालू आहे, हे वकिलाकडून लेखी मागवावे.

जुना हिशोब उघडण्याची सोय

कायद्याने आणखी दोन गोष्टी केल्या. सदोष घरांबाबत १९७२ च्या कायद्याखाली दावा करण्याची मुदत सहा वर्षांची होती. जुन्या बांधकामांसाठी ती ३० वर्षे केली, आणि नव्यांसाठी १५ वर्षे. म्हणजे १९९० च्या दशकात बांधून विसरून गेलेल्या इमारतीचाही हिशोब पुन्हा उघडता आला. दुसरे असे की, न्यायाधिकरणाला बिल्डरकडून व त्याच्याशी संबंधित कंपन्यांकडूनही वर्गणी वसूल करण्याचा हुकूम देता येतो. एका इमारतीसाठी एक कंपनी काढायची, फ्लॅट विकले की ती रिकामी करायची, ही युक्ती तिकडेही रूढ होती. या कलमाने ती बरीच बोथट झाली.

लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या खेळाडू-वसाहतीच्या बाबतीत असाच हुकूम जानेवारी २०२४ मध्ये झाला. सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांचा प्रश्न होता. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही तो कायम ठेवला. सरकारी निधीतून काम होते आहे म्हणून बिल्डर सुटला असे होत नाही, करदात्याचा पैसा हा शेवटचा आधार आहे, असा त्याचा मथितार्थ.

मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल कारागीर व सल्लागारांनी नीट वाचण्यासारखा आहे. एका बिल्डरने, कोणी दावा केलेला नसताना, आपण होऊन सदोष इमारतींची दुरुस्ती केली आणि तो पैसा डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरिंग कंपनीकडे मागितला. कंपनी म्हणाली, तुम्ही स्वखुशीने खर्च केला, आम्ही का द्यावा? न्यायालयाने हा बचाव मानला नाही. बिल्डरला असा दावा चालवता येईल असे ठरले. म्हणजे बिल वरून खाली येऊ लागले की साखळीतील कोणतीही कडी त्यातून आपोआप सुटत नाही.

मेलबर्नचा वाटणीपत्रक

ऑस्ट्रेलियात हा हिशोब अगदी टक्केवारीत मांडला गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये मेलबर्नच्या लाक्रॉस या इमारतीच्या आठव्या मजल्यावरील गॅलरीत एका भाडेकरूने सिगारेट नीट विझवली नाही. पॉलिथिन गाभ्याच्या पत्र्यावरून आग काही मिनिटांत एकविसाव्या मजल्यापर्यंत चढली. सुदैवाने कोणी दगावले नाही. फ्लॅटधारकांनी दावा केला आणि २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने ५७ लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली.

फ्लॅटधारकांना पैसे द्यायचे बिल्डरने, कारण योग्य साहित्य वापरण्याची हमी करारानुसार त्याची होती. त्याने निष्काळजीपणा केला नव्हता, तरीही हमी ती हमी. मग बिल्डरने ते इतरांकडून वसूल करायचे. अग्निसुरक्षा इंजिनिअर ३९ टक्के, बांधकाम पास करणारा सर्व्हेअर ३३ टक्के, आर्किटेक्ट २५ टक्के आणि सिगारेट ओढणारा ३ टक्के. हा शेवटचा वाटा बिल्डरच्याच अंगावर राहिला. ज्याने ठिणगी टाकली त्याच्यावर ३ टक्के, आणि ज्यांनी कागदावर सही केली त्यांच्यावर ९७, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे अपिलातही ही वाटणी कायम राहिली. त्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये ६० कोटी डॉलरची योजना आखली आणि त्यातील निम्मा पैसा बांधकाम परवान्यांवरील अधिभारातून उभा करण्याचे ठरवले.

काम अजून अपुरेच

एवढे होऊनही इंग्लंडमधील काम संथ आहे. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालानुसार ११ मीटरहून उंच अशा ९ हजार ते १२ हजार इमारतींना दुरुस्ती लागेल असा अंदाज आहे. त्यातील साठ टक्क्यांपर्यंत इमारतींचा तोवर पत्ताच लागला नव्हता. एकूण खर्च १,२६० कोटी ते २,२४० कोटी पौंडांच्या दरम्यान जाईल. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने नवे वेळापत्रक दिले. सरकारी योजनांतील १८ मीटरहून उंच इमारतींचे काम २०२९ अखेर पुरे व्हावे, आणि टाळाटाळ करणाऱ्या मालकांना दंड व्हावा, असे त्यात म्हटले. ग्रेनफेलला बारा वर्षे पुरी झालेली असतील, तेव्हाची ही गोष्ट.

आपल्याकडे काय?

आपल्याकडील शहरांतही काचेने व एसीपी शीटने मढवलेल्या इमारती आता सर्वत्र दिसतात. इंग्लंडसारखी खर्चाची उतरंड आपल्याकडे नाही. घर घेणाऱ्याच्या हातात २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १४ आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा गुणवत्तेत दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, नाही तर भरपाई द्यावी. पाच वर्षांनंतर मात्र दुरुस्तीचा बोजा बहुधा सोसायटीच्या, म्हणजे सभासदांच्या डोक्यावर येतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानेही इमारतीतील आगप्रतिबंधक व्यवस्थेची जबाबदारी मालक व वापरणारे यांच्यावर टाकली आहे. तेव्हा ताबा घेताना आणि पाचवे वर्ष संपण्याआधी सोसायटीने इमारत जाणकाराकडून तपासून घेणे शहाणपणाचे.

विकणाऱ्यांसाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सदोष मालामुळे इजा किंवा नुकसान झाल्यास कारखानदाराबरोबर काही वेळा विक्रेताही जबाबदार ठरतो. विक्रेत्याने मालात फेरफार केला, स्वतःहून वेगळी हमी दिली, कारखानदार कोण हेच सांगता आले नाही, किंवा कारखानदाराने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली नाही, तर तो सुटत नाही.

आमच्या फॅब्रिकेटर व व्यापारी बंधूंना म्हणून चार व्यवहारी गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पत्रा घेताना नुसती जाडी व रंग विचारू नका, गाभा कशाचा आहे ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. चाचणीचा दाखला मागा, आणि तो त्याच मालाचा व त्याच पद्धतीने बसवलेल्या पत्र्याचा आहे का, ते पाहा. ग्रेनफेलचा घोळ नेमका येथेच झाला. गिऱ्हाइकाने किंवा ठेकेदाराने स्वस्तातला पत्रा लावायला सांगितला तर तसे त्याच्याकडून लेखी घ्या. माल धोक्याचा आहे हे ठाऊक असेल तर लेखी घेऊनही लावू नका. आणि कामाची बिले, नमुना व पत्रव्यवहार निदान पंधरा वर्षे जपून ठेवा. फाईल ठेवायला एक कपाट लागते, फाईल नसली तर दुकान जाऊ शकते.

शेवटी

पत्रा काढण्याचा खर्च कोणाचा, या प्रश्नाला इंग्लंडने पाच वर्षांत तीन उत्तरे दिली. आधी म्हटले, कागदात लिहिले आहे तर राहणाऱ्याचा. मग म्हटले, सरकारचा. शेवटी म्हटले, ज्याने बांधले व ज्याने नफा कमावला त्याचा, तो सापडला नाही तर मालकाचा, आणि सर्वांत शेवटी, मर्यादेत, राहणाऱ्याचा. बाजाराची जुनी रीतही याहून वेगळी नव्हती. खोट ज्याच्या हातची, भरपाई त्याची. तिकडे ती कायद्याच्या पुस्तकात लिहून घ्यायला पाच वर्षे लागली, आणि त्याआधी ७२ माणसे गेली होती. पॉलिथिनचा पत्रा आणि न पेटणारा पत्रा यांच्या दरातील फरक आपल्या दुकानात रोज बोलला जातो. तो बोलताना या इमारतीची आठवण राहावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.